मंगळाची लय मोजणारा ऑर्गनवादक

संगीताच्या शिकवण्या करून चरितार्थ चालविणारा एक मनुष्य पस्तिशीच्या उंबरठ्यावर ग्रहताऱ्यांवरील एक पुस्तक विकत घेतो, आणि पुढल्या अकरा वर्षांत मंगळावरचा दिवस किती तासांचा आणि तेथे ऋतू कसे पालटतात हे विद्वानांच्या सभेला सांगतो, ही गोष्ट कादंबरीत आली तर आपण ती अतिशयोक्ती म्हणून सोडून देऊ. परंतु विल्यम हर्शेलच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. युरेनसचा शोध लावणारा म्हणून शाळेच्या पुस्तकातून त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्याचे मंगळावरील काम त्यामानाने झाकलेले राहिले, आणि त्याहून झाकलेले राहिले ते त्याचे संगीत. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो आणि स्वतः संगीत शिकवितो. म्हणून मला या माणसाची ओळख आधी वादक म्हणून करून द्यावीशी वाटते.

हर्शेलचा जन्म 15 नोव्हेंबर 1738 रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. बाप आयझॅक पलटणीच्या बँडमध्ये ओबो वाजवी. ओबो म्हणजे आपल्या सनईसारखेच दुहेरी पातीचे वाद्य. चौदाव्या वर्षी मुलगाही त्याच बँडमध्ये दाखल झाला. घरात खाणे बेताचे असले तरी वादविवादाला तोटा नव्हता. बापाला आकाशाचा नाद होता आणि रात्री तो मुलांना नक्षत्रे दाखवी. 1757 साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत पलटणीची दाणादाण झाली, आणि त्याच वर्षी एकोणीस वर्षांचा विल्यम इंग्लंडला निघून गेला. हॅनोव्हरचा अधिपती आणि इंग्लंडचा राजा त्या वेळी एकच असल्याने जर्मन वादकाला तेथे अगदीच परकेपणा नव्हता. प्रथम त्याने लंडनमध्ये स्वरलिप्या नकलून पोट भरले. मग उत्तरेकडील गावांतून वादन आणि शिकवण्या केल्या, आणि 1766 साली बाथ या श्रीमंतांच्या विहारनगरीत एका नव्या चॅपेलचा ऑर्गनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. तोपर्यंत त्याने स्वतः चोवीस सिंफनी रचल्या होत्या.

बाथमध्ये त्याचा जम चांगलाच बसला. मोसमात आठवड्याला तीसहून अधिक शिकवण्या, वर जलसे आणि चर्चची सेवा. अशा धबडग्यात आकाश कोठून शिरले? तर संगीताच्याच दाराने. स्वरांच्या गणिताविषयी त्याने रॉबर्ट स्मिथ या केंब्रिजच्या विद्वानाचा ग्रंथ वाचला. त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरही ग्रंथ होता. स्वरांतरांचे गणित ज्याला गोड लागले त्याला आरशांचे गणितही गोड लागले. 1773 मध्ये त्याने खगोलशास्त्राचे पुस्तक घेतले. मोठी दुर्बीण विकत घेणे परवडेना, तेव्हा आरसे स्वतःच ओतून घासण्याचा उद्योग त्याने आरंभिला.

या उद्योगात त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन हिचा वाटा अर्ध्याहून कमी मानता येणार नाही. हॅनोव्हरच्या घरात आईने तिला चुलीपाशीच जखडून ठेवले होते. विल्यमने आईला मोलकरणीच्या खर्चाची तरतूद करून दिली आणि 1772 मध्ये बहिणीला गायिका करण्यासाठी बाथला आणले. ती खरोखरच उत्तम गायिका झाली. हँडेलच्या ‘मेसाया’मध्ये प्रमुख गायिका म्हणून ती उभी राहिली. बर्मिंगहॅमहून तिला गाण्याचे बोलावणे आले, ते मात्र तिने नाकारले, कारण भावाच्या हाताखेरीज दुसऱ्याच्या तालावर गायचे नाही असा तिचा निश्चय होता. त्याच भावाच्या घराचा हळूहळू कारखाना झाला. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचा आरसा घासताना हात थांबला तर पृष्ठभाग बिघडतो, म्हणून एकदा तो सलग सोळा तास घाशीत बसला, आणि कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवीत राहिली. काम चालू असता ती त्याला ‘अरेबियन नाइट्स’मधील गोष्टी वाचून दाखवी. कल्पनेच्या गोष्टी कानांवर आणि आरशाचे पृष्ठ हाताखाली, ही त्या घरातील रोजची जुगलबंदी होती.

या आरशांतून त्याने 1777 पासून मंगळ पाहावयास सुरुवात केली. मंगळ साधारण दर सव्वीस महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो, म्हणून त्याची मंगळाची वर्षे 1777, 1779, 1781 आणि 1783 अशी एकाआड एक आहेत. आपल्याकडे मंगळ म्हणजे भौम, भूमीचा पुत्र, आणि पत्रिका जुळविताना आईबापांचा जीव टांगणीला लावणारा ग्रह. हर्शेलच्या मनात मंगळाविषयीची कल्पना निराळी होती. परमेश्वराने एवढे गोल निर्माण केले ते ओसाड ठेवण्यासाठी नव्हेत, त्यांवर कोणी तरी राहत असलेच पाहिजे, असे तो मनापासून मानी. मंगळाकडे तो एखाद्या शेजारघराकडे पाहावे तसा पाहत होता.

पण पाहण्याची शिस्त वादकाची होती. मंगळावरील काळे डाग फिरून पुन्हा त्याच जागी केव्हा येतात, हे तो मोजू लागला. पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा ठेका खरोखर अढळ आहे काय, हे दुसऱ्या ग्रहाच्या ठेक्याशी ताडून पाहावे असा त्याचा विचार होता. एका आवर्तनाची वेळ मोजली तर चूक मोठी राहते. दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन निरीक्षणे जुळवून मधल्या आवर्तनांनी भागले तर चूक वाटली जाऊन नगण्य होते. त्याचे उत्तर आले 24 तास 39 मिनिटे 21 सेकंद. खरा आकडा 24 तास 37 मिनिटे 22 सेकंदांच्या आसपास आहे. हा दोन मिनिटांचा फरक कोठून आला, हे पुढल्या शतकात मेडलर या जर्मन ज्योतिर्विदाने शोधून काढले. 1777 आणि 1779 या निरीक्षणांच्या दरम्यान मंगळाची सुमारे 740 आवर्तने झाली होती, त्यांतले एक हर्शेलच्या मोजणीतून निसटले होते. 740 वेळा दोन मिनिटे म्हणजे बरोबर एक मंगळदिवस! ठेका पक्का, एक आवर्तन मात्र कमी. तालाचे काम करणाऱ्याला ही चूक कशी होते ते सांगावे लागत नाही.

दरम्यान 13 मार्च 1781 च्या रात्री त्याला युरेनस सापडला आणि एका रात्रीत त्याचे नाव युरोपभर झाले. राजा तिसऱ्या जॉर्जने 1782 मध्ये त्याला सालिना दोनशे पौंडांची नेमणूक दिली. अट इतकीच, की विंडसरच्या राजवाड्याजवळ राहावे आणि राजघराण्याला आकाश दाखवावे. संगीतातून त्याला याहून पुष्कळ अधिक मिळत असे. राजाश्रयाची किंमत आम्हा दरबारी घराण्यांना ठाऊक आहे. तेथे पोशाख आणि मान मिळतो, पण वेळ मालकाची होते. हर्शेलने ही किंमत रात्रीच्या मोकळिकीसाठी चुकविली, आणि तूट भरून काढण्यासाठी दुर्बिणी करून विकल्या. धंदा म्हणून संगीत सुटले ते कायमचे. त्याला स्वतःला ते फारसे जड गेलेले दिसत नाही. कॅरोलाइनला मात्र कोणी विचारले नाही. ऐन भरात आलेला तिचा आवाज त्या स्थलांतरात थांबला.

त्या नव्या घरी 1783 मध्ये त्याने मंगळाचे उरलेले काम पुरे केले. मंगळाच्या ध्रुवांवर पांढरे ठिपके दिसतात, हे पूर्वीही कोणी कोणी पाहिले होते. हर्शेलने ते ऋतूंशी जोडले. 1781 मध्ये दक्षिणेकडील ठिपका फार मोठा होता, कारण तो ध्रुव दीर्घ हिवाळ्याच्या अंधारातून नुकताच बाहेर पडला होता. 1783 मध्ये ऊन लागून तो लहान झाला होता. अर्थात हे बर्फ असावे, असे त्याने मांडले. मंगळाचा आस 28 अंश 42 कला कललेला असल्याचे त्याने काढले. आजचा आकडा सुमारे 25 अंश आहे, आणि आपल्या पृथ्वीचा साडेतेवीसच्या जवळ. म्हणजे पृथ्वीसारखा दिवस, पृथ्वीसारखा कल, पृथ्वीसारखे ऋतू. साऱ्या सूर्यमालेत आपल्याशी एवढे साम्य असलेला दुसरा ग्रह नाही, असे त्याने 1784 च्या निबंधात लिहिले, आणि तेथील रहिवाशांची स्थिती बरीचशी आपल्यासारखी असेल असेही जोडून दिले. मंगळाभोवती विस्तीर्ण वातावरण आहे असे कॅसिनीच्या निरीक्षणावरून मानीत. हर्शेलने मंगळाच्या अगदी जवळून जाणारे दोन बारीक तारे पाहिले. ते मंद झाले नाहीत. तेव्हा हवा फार विस्तीर्ण नाही, हेही त्याने तितक्याच प्रांजळपणे नोंदविले. ही नोंद रहिवाशांच्या कल्पनेला पोषक नव्हती, तरी त्याने ती दडविली नाही.

आज आपणास ठाऊक आहे की मंगळावरची हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ आहे. ध्रुवांवर पाण्याचे बर्फ आहे आणि हिवाळ्यात त्यावर कार्बन डायऑक्साइड गोठून बसतो. रहिवासी कोणी आढळलेले नाहीत. आपले मंगळयान 24 सप्टेंबर 2014 रोजी तेथे पोचले आणि 2022 पर्यंत त्याने त्या ग्रहाची वार्ता दिली. हर्शेलची वस्तीची कल्पना टिकली नाही. सूर्यावरही वस्ती असावी असे तो मानी, ते तर मुळीच नाही. पण शेजारी कोणी असेल या आशेवाचून तो माणूस थंडीत कुडकुडत सहा वर्षे त्या तांबड्या ठिपक्यामागे लागला असता, असे मला वाटत नाही. कल्पनेने त्याला दुर्बिणीपाशी उभे केले, आणि काय लिहावयाचे ते तालाच्या शिस्तीने ठरविले.

हर्शेल 25 ऑगस्ट 1822 रोजी स्लाऊ येथे वारला. कॅरोलाइनने भावाच्या नोंदी लिहिता लिहिता स्वतः आठ धूमकेतू शोधले, 1787 पासून राजाकडून पन्नास पौंडांचे वेतन घेतले, 1828 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले, आणि 1848 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी हॅनोव्हरला देह ठेवला. मंगळावरील एका मोठ्या विवरास हर्शेल पितापुत्रांचे नाव आहे. विल्यमच्या सिंफनी आजही कोठे कोठे वाजविल्या जातात. कॅरोलाइनचे गाणे मात्र ज्यांनी बाथमध्ये ऐकले त्यांच्याबरोबरच संपले.