कातळावरचा समीक्षक

आय. ए. रिचर्ड्स हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे ते साहित्यसमीक्षेमुळे. ‘प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम’ (१९२४) आणि ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या त्यांच्या ग्रंथांनी कविता वाचण्याची रीतच पालटली. मात्र एकेकाळी हा विद्वान डोंगरातला वाटाड्या होण्याच्या बेतात होता.

२६ फेब्रुवारी १८९३ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच क्षयाने त्यांना गाठले आणि पुढेही हा आजार उलटत राहिला. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार होता. रिचर्ड्स यांनी हवेसाठी उत्तर वेल्सचे डोंगर जवळ केले. विश्रांती मात्र त्यांना मानवली नाही.

तेथील कुम इद्वल या हिमनदीने कोरलेल्या दरीत, सरोवराच्या वर एक विस्तीर्ण कातळ तिरपा पसरला आहे. ‘इद्वल स्लॅब्ज’ या नावाने तो ओळखला जातो. उतार सौम्य, पाय ठेवायला खोबणी भरपूर. पण उंची शेकडो फूट. १९१५ मध्ये या कातळावरील ‘होप’ म्हणजे ‘आशा’ या मार्गाने पहिली चढाई झाली, तेव्हा चौघांच्या तुकडीत रिचर्ड्स होते. नेतृत्व श्रीमती डॅनियल यांचे होते, ई. एच. यंग या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिका त्या याच. खिळ्यांचे बूट आणि कमरेला बांधलेला दोर एवढीच त्या काळची सामग्री. म्होरक्या घसरला तर त्याला सावरण्याचे साधन जवळजवळ नव्हतेच. चढाई सोपी असली तरी चूक परवडणारी नव्हती. १९१८ मध्ये त्याच कातळाच्या माथ्यावरील उभ्या भिंतीवरही रिचर्ड्स यांनी वाट काढली. सोबत होत्या डोरोथी पिली. १९२६ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

१९१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावर वाटाड्याचे काम मिळावे, म्हणून ते केंब्रिजमधील प्राध्यापक मॅन्सफील्ड फोर्ब्ज यांच्याकडे शिफारसपत्र मागण्यास गेले. गप्पा रंगल्या आणि शिफारसपत्राऐवजी इंग्रजी साहित्यावर व्याख्याने देण्याचे निमंत्रण हाती पडले. मानधन ठरले ते श्रोत्यांच्या संख्येवर. एका भेटीने समीक्षेला रिचर्ड्स लाभले.

डोंगर मात्र सुटला नाही. १९२८ मध्ये जोसेफ व आंत्वान जॉर्ज या वाटाड्यांसह रिचर्ड्स दाम्पत्याने आल्प्समधील दां ब्लांश शिखराची उत्तरेकडील दुर्गम धार प्रथमच सर केली. पुढे चीन आणि हार्वर्ड येथे अध्यापन करून, वयाच्या ८६ व्या वर्षी, ७ सप्टेंबर १९७९ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

‘आशा’ची वाट आता असंख्य पावलांनी गुळगुळीत झाली आहे. नवशिके तेथे प्रस्तरारोहणाचे पहिले धडे गिरवतात. ज्याच्या फुफ्फुसांची शाश्वती नव्हती, असा एक तरुण पहिल्या तुकडीत येथूनच वर गेला होता.