विल्बर राईट: सायकलच्या दुकानात विमान बनवलं खरं, पण ते उडवायच्या जागी नेलं कसं?

ऑनलाइन मागवलेलं कपाट कधी घरी जोडलंय का? खोक्यात फळ्या येतात, स्क्रूची पिशवी येते आणि शेवटी एक स्क्रू कमीच पडतो. आता समजा त्या खोक्यात कपाटाऐवजी विमान आहे. जगात असं विमान दुसऱ्या कुणाकडे नाही, त्यामुळे स्पेअर पार्ट मिळायचा प्रश्नच नाही. आणि जोडून झाल्यावर त्यावर तुम्हालाच झोपून उडायचंय.

विल्बर राईटचं अर्धं आयुष्य या खोक्यांमागे गेलं.

शाळेत आपण राईट बंधूंची गोष्ट दोन ओळींत शिकतो. 17 डिसेंबर 1903, पहिलं उड्डाण, 12 सेकंद. संपलं. पण विमान घरी बनवणं ही निम्मी लढाई असते. ते सुटं करून नेणं, शेडमध्ये परत जोडणं आणि वाटेत मोडलेलं स्वतः दुरुस्त करणं, ही उरलेली निम्मी. आज मोठ्या भावाच्या, म्हणजे विल्बरच्या आयुष्याकडे आपण याच बाजूने बघू.

हुशार मुलगा घरीच बसला

विल्बरचा जन्म 16 एप्रिल 1867 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. धाकटा ऑर्व्हिल त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वडील मिल्टन हे चर्चमध्ये बिशप होते आणि कायम दौऱ्यावर असायचे. घरात हत्यारं चालवायचा हात होता तो आईचा. मोडलेलं जोडणं, मुलांसाठी खेळणी बनवणं हे सुझनबाई करायच्या. 1878 मध्ये वडिलांनी रबरबँडवर उडणारं एक छोटं खेळणं आणलं. ते मोडलं, तेव्हा पोरांनी तसंच दुसरं स्वतः बनवून पाहिलं.

विल्बर अभ्यासात तेज होता. येल विद्यापीठात जायचं घाटत होतं. पण 1885-86 च्या हिवाळ्यात बर्फावरच्या हॉकीत एकाची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. त्यानंतर तो खचला, घरातच राहिला. आई तेव्हा क्षयाने आजारी होती. तिची सेवा करत, वडिलांची पुस्तकं वाचत त्याने काही वर्षं काढली. आई 1889 मध्ये गेली. कॉलेज राहून गेलं ते राहूनच गेलं.

मग दोघा भावांनी डेटन शहरात आधी छापखाना काढला, 1892 पासून सायकलचा धंदा सुरू केला आणि 1896 पासून स्वतःच्या ब्रँडच्या सायकली बनवायला लागले. त्याच वर्षी जर्मनीत ऑटो लिलिएंथाल हा ग्लायडरवीर पडून मेला. ती बातमी विल्बरच्या डोक्यात बसली. 30 मे 1899 रोजी त्याने स्मिथसोनियन संस्थेला पत्र टाकलं आणि उड्डाणावरचं जे काही वाचण्यासारखं आहे ते मागवलं.

एका रिकाम्या खोक्याने दिलेली आयडिया

सायकल चालवणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते: तोल सतत सांभाळावा लागतो. हवेतही तसंच असणार, हे विल्बरने ओळखलं. बाकीचे लोक ताकदीच्या इंजिनामागे होते, हा कंट्रोलच्या मागे लागला.

दुकानात एकदा तो सायकलच्या ट्यूबचं लांबट खोकं हातात घेऊन सहज पिळत होता. एक टोक एकीकडे वळलं, दुसरं उलट बाजूला. दोन मजली पंख असेच पिळले तर? एका बाजूला हवेचा उचल जास्त, दुसरीकडे कमी. म्हणजे विमान हवं तसं कलतं!

हे समजायला फोन हातात घ्या आणि विमानाचा गेम आठवा. फोन डावी-उजवीकडे कलवला की विमान कुशीवर झुकतं. विल्बर हे काम पंख पिळून करायचा. फोन पुढे-मागे कलवला की नाक वर-खाली होतं. त्यासाठी त्याने पुढे एक छोटा आडवा पंख लावला. नाक डावी-उजवीकडे वळवायचं तिसरं काम मागच्या उभ्या सुकाणूचं, ते 1902 मध्ये हलतं झालं. तीन दिशांचा हा कंट्रोल आजच्या प्रत्येक विमानात आहे.

पहिला प्रवास: रेल्वे, गळकी होडी आणि वाळू

टेस्टिंगसाठी भरपूर वारा हवा आणि पडलं तरी लागू नये अशी जमीन हवी. डेटनमध्ये दोन्ही नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर किटी हॉक नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथे वारा होता आणि वाळूच्या टेकड्या होत्या.

सप्टेंबर 1900 मध्ये विल्बर ग्लायडरचे भाग घेऊन एकटाच निघाला. पंखाच्या मुख्य दांड्यांसाठी त्याला 18 फुटी लाकूड हवं होतं, ते वाटेत घ्यायचा बेत होता. नॉरफोकला मिळालं 16 फुटी. आता पंखच दोन-दोन फुटांनी लहान करायचे! पण कापड तर आधीच शिवून आणलेलं. पुढे खाडी ओलांडताना होडी निघाली गळकी, वर वादळ. कसाबसा तो गावात पोचला. तिथे टेट कुटुंबाने त्याला घरात घेतलं आणि त्यांच्याच शिलाई मशीनवर त्याने ते कापड कापून पुन्हा शिवलं.

ग्लायडरला खर्च आला साधारण 15 डॉलर. परत जाताना त्याने ते तिथेच टाकलं. टेट बाईंनी त्याचं कापड काढून मुलींना फ्रॉक शिवले. काही वाया गेलं नाही!

फेल झालेला प्रोजेक्ट आणि दुकानातला वाऱ्याचा बोगदा

1901 मध्ये भावांनी मोठं ग्लायडर नेलं आणि त्याच्यासाठी लाकडी शेडही बांधली. पण ग्लायडर हिशेबापेक्षा फारच कमी उचल देत होतं. पाऊस, डास, आजारपण, सगळं एकदम आलं. परतीच्या प्रवासात विल्बर इतका निराश होता की आपल्या हयातीत माणूस काही उडत नाही, असं त्याला वाटायला लागलं.

घरी आल्यावर त्याने वेगळा प्रश्न विचारला: आपण ज्या आकड्यांवर विसंबलो तेच चुकीचे असतील तर? दुकानात सहा फूट लांबीचा लाकडी बोगदा बनवला, एका टोकाला पंखा लावला. आत करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्या वापरून नाजूक तराजू केला. पंखांचे सुमारे 200 छोटे नमुने त्यात तपासले. तेव्हा कळलं की हवेच्या दाबाचा पुस्तकात वर्षानुवर्षं छापून येणारा एक आकडा 0.005 होता, तो खरा 0.0033 च्या आसपास हवा. चूक त्यांच्या हाताची नव्हती, आकड्याची होती.

1902 चं ग्लायडर या नव्या आकड्यांवर बनलं. विल्बर तासन्‌तास शिलाई मशीन फिरवायचा आणि ऑर्व्हिल उकिडवा बसून कापडावर खुणा करायचा. हे ग्लायडर मस्त उडालं.

दुकानात न मावणारं विमान

आता इंजिन. मोटार कंपन्यांना विचारलं, पण हवं तेवढं हलकं इंजिन कुणी देईना. मग दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत ते बनवलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, ताकद सुमारे 12 अश्वशक्ती. इंजिनाची ताकद दोन पंख्यांपर्यंत न्यायला सायकलसारख्याच चेन वापरल्या. एक चेन आठच्या आकड्यासारखी आडवी फिरवली, म्हणजे दोन पंखे उलटसुलट दिशेने फिरतात आणि विमान एका बाजूला ओढलं जात नाही.

आता जागेची अडचण आली. पूर्ण विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत 12.3 मीटर. दुकानात नुसता मधला भाग जोडला तरी पुढच्या आणि मागच्या खोलीमधली वाट बंद झाली. गिऱ्हाईक आलं की एका भावाने बाजूच्या दाराने बाहेर पडायचं, वळसा घालून पुढे जायचं आणि सायकल विकायची! पूर्ण जोडलेलं विमान डेटनमध्ये कुणी पाहिलंच नाही. ते पहिल्यांदा एकसंध झालं किनाऱ्यावरच्या शेडमध्ये.

सप्टेंबर 1903 मध्ये भाऊ तिथे पोचले तर वादळाने जुनी शेड पायावरून सरकवलेली. ती दुरुस्त केली, विमानासाठी शेजारी दुसरी उभारली. मग इंजिनाच्या हादऱ्यांनी पंख्यांचे दांडे मोडले. ते डेटनला पाठवून दुरुस्त करून आणले. पुन्हा तडा गेला. आता ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि जास्त मजबूत पोलादाचे दांडे घेऊन 11 डिसेंबरला परतला. तिकडे सरकारी पैशावर बनलेलं प्रोफेसर लँग्ली यांचं विमान तीनच दिवस आधी नदीत कोसळलं होतं. राईट बंधूंचा सगळा खर्च 1,000 डॉलरच्या आत होता आणि तोही स्वतःच्या धंद्यातला.

14 डिसेंबरला नाणं उडवलं, विल्बर जिंकला. पण त्याने नाक फार वर घेतलं आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत. दुरुस्ती झाली. 17 तारखेला पाळी ऑर्व्हिलची होती, त्याचे ते प्रसिद्ध 12 सेकंद. त्या दिवसाचं चौथं आणि सगळ्यात लांब उड्डाण मात्र विल्बरचं: 59 सेकंद, 260 मीटर. नंतर वाऱ्याच्या झोताने उभं विमान उलटवलं. ते परत कधीच उडालं नाही. खोक्यांत भरून डेटनला आलं.

गाईंच्या कुरणातला हँगर

पुढची दोन वर्षं त्यांनी घराजवळच काम केलं. डेटनपासून सुमारे 13 किलोमीटरवरचं हफमन यांचं कुरण मिळालं. ट्रॉली पकडून जायचं, गाई-घोडे हाकलायचे, शेडमधून विमान काढायचं. 5 ऑक्टोबर 1905 रोजी विल्बर तिथे 39 मिनिटं गोल गोल फिरत राहिला, सुमारे 39 किलोमीटर. विमान आता खरोखर कामाचं झालं होतं.

आणि मग त्यांनी उडणं बंद केलं. पेटंट आणि विक्रीचा करार हातात येईपर्यंत कुणाला काही दाखवायचं नाही, असं ठरलं. अडीच वर्षं हे चाललं. युरोपात लोक उघड म्हणायला लागले की हे भाऊ थापा मारतात.

ते मोडलेलं खोकं

1908 मध्ये विल्बर फ्रान्सला गेला. विमानाचं खोकं आधीच, 1907 मध्ये तिथे पाठवलेलं होतं. ल माँ शहरात लेऑन बोले यांच्या मोटार कारखान्यात त्याने ते उघडलं, आणि आत नुसता चुराडा. पंखांच्या फासळ्या मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेले.

विल्बर भडकला. पॅकिंग ऑर्व्हिलने केलं होतं. त्याने भावाला कडक पत्र लिहिलं. नंतर कळलं की बंदरावरच्या कस्टमवाल्यांनी खोकं उघडून सामान कसंही कोंबलं होतं. भावाची काहीच चूक नव्हती.

पण रडत बसायला वेळ कुठे होता? तो कामगारांसारखा कारखान्याच्या भोंग्यावर यायचा, भोंग्यावर जेवायचा. भाषा येत नसल्याने मदत कमी, बरंचसं त्याने स्वतः केलं. 4 जुलैला रेडिएटरची नळी निसटून उकळतं पाणी डाव्या हातावर आलं. तरी काम चालूच. ऑगस्टमध्ये विमान शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर हलवलं. तिथल्या शेडमध्ये विमानाशेजारीच तो झोपायचा, तिथेच स्वयंपाक करायचा.

8 ऑगस्ट 1908. समोर टीकाकारही बसलेले. विल्बर उडाला, दोन गोल फेऱ्या मारल्या आणि अलगद उतरला. वेळ 1 मिनिट 45 सेकंद. एवढ्यात वाद मिटला! विमान असं वळतं हे युरोपात आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

महिन्याभराने, 17 सप्टेंबरला, अमेरिकेत ऑर्व्हिलचं विमान पंख्याला तडा जाऊन कोसळलं. सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. बातमी कळल्यावर विल्बर शेडचं दार लावून एकटा आत बसला. आपण तिथे असतो तर हे झालं नसतं, ही टोचणी त्याला लागली. बहीण कॅथरीन नोकरी सोडून ऑर्व्हिलच्या उशाशी बसली, म्हणून तो सावरला. विल्बर चारच दिवसांनी पुन्हा उडाला, दीड तास. वर्षाच्या शेवटच्या दिवशी हा आकडा 2 तास 20 मिनिटांवर गेला.

शेवट

25 मे 1910 रोजी दोघे भाऊ एकाच विमानात बसले, फक्त सहा मिनिटं. तोपर्यंत एकत्र बसायचंच नाही असा नियम होता: एक गेला तर दुसऱ्याने काम पुढे न्यायचं. नंतरची वर्षं पेटंटच्या कोर्टकज्ज्यांत गेली, उडणं जवळजवळ थांबलं. 30 मे 1912 रोजी विषमज्वराने विल्बर डेटनच्या घरीच गेला. वय फक्त 45.

1903 चं विमान तेव्हाही खोक्यांतच होतं. 1913 च्या पुरात ती खोकी चिखलात बुडाली, तरी वाचली. विमान पुढे लंडनला गेलं आणि 1948 पासून स्मिथसोनियनमध्ये आहे, म्हणजे विल्बरने ज्या संस्थेला पहिलं पत्र टाकलं तिथेच. आणि डेटनचं ते घर आणि सायकलचं दुकान? हेन्री फोर्ड यांनी ते 1930 च्या दशकात सुटं करून मिशिगनला नेलं आणि पुन्हा जोडलं. ज्या दुकानात विमान मावलं नाही, ते दुकानच शेवटी विमानासारखं प्रवासाला निघालं.

मुंबईत कांदिवलीला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं, तेव्हा त्यांनाही ते आधी खाली उतरवावं लागलंच. घरी काहीतरी मोठं बनवत असाल तर विल्बरकडून एवढं घ्या: वस्तू अशी बनवा की ती सुटी करता येईल आणि मोडली तर तुमच्याच हाताने जोडता येईल. आणि खोकं फुटलेलं निघालं तर भावाला पत्र लिहिण्याआधी जरा थांबा.