पदवी मोठी, पण कचेरीत पाणी मिळेना

अंजनवेलहून दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका, आणि त्यापलीकडे मंडणगड. त्या मंडणगडातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्याचा.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले. अट होती, परत आल्यावर १० वर्षं बडोद्याची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते रुजू झाले. पण शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकायचे. कचेरीत प्यायला पाणी मिळेना, गावात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही हाकललं. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथंही माठातल्या पाण्यावरून काही सहकाऱ्यांची कुरकुर!

शिकलेल्याची ही गत, तर गावकीत राबणाऱ्याचं काय? महार वतनदारानं सरकारी सांगावा पोचवायचा, अंमलदाराच्या दिमतीला राहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला ना वेळ ना काळ. मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुतं. घरचा कर्ता नसला तर दुसऱ्या कुणी जायचं. हे बदलावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवली. विरोध एवढा झाला की विधेयक मागं घ्यावं लागलं.

तरी त्यांनी विषय सोडला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या कायद्यानं. पुढं राज्यघटनेच्या कलम १६ नं सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो काही त्यांना बघायला मिळाला नाही.

मंडळी, कायदा कागदावर आहे, पण तो पाळायचा गावात. ग्रामपंचायतीचा सफाई कामगार बैठकीत खुर्चीवर बसतो का? बागेतल्या गड्याचा चहाचा कप वेगळा ठेवलेला नाही ना? जयंतीला हार घालण्याआधी सरपंच, ग्रामसेवक आणि बागायतदारांनी एवढं आपल्या घरी-दारी बघून घ्यावं.