पनेट यांचा चौकोन आणि कोंबडीची पिल्लं

जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘पनेट चौकोन’ आपल्या मुलांनी वहीत काढलेला असतो. पण तो मांडणारे रेजिनल्ड पनेट कोण, हे घरात कुणाला ठाऊक नसतं. १८७५ साली इंग्लंडमध्ये टनब्रिजला जन्मलेले पनेट केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन यांच्याबरोबर मेंडेलचे नियम कोंबड्यांवर पडताळून पाहत. १९१२ साली ते तिथले जनुकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई झाली. अंडी न देणाऱ्या नरांना दाणे घालणं परवडेना. पण नुकती जन्मलेली पिल्लं दिसतात सारखीच! पनेट यांनी उपाय सुचवला तो रंगाचा. कोंबडी सोनेरी-रुपेरी रंगाचा गुण देते तो फक्त नरपिल्लांना. म्हणून सोनेरी वाणाचा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि रुपेरी वाणाची लाइट ससेक्स कोंबडी यांची जोडी लावली, की तांबूस पिल्लं माद्या निघतात आणि फिकट पिवळी ते नर. पुढे मायकेल पीज यांच्यासह त्यांनी ‘कँबार’ ही जातच घडवली. तिच्यात असा संकर न करताही रंगावरून पिल्लू ओळखता येतं.

माझं आयुष्य बँकेत जमाखर्च पाहण्यात गेलं. टंचाईत वाचलेला दाणा माणसांच्या कामी येतो, ही जमेची बाजू मला पटते. पण खर्चाच्या बाजूला नरपिल्लं आहेत, हेही विसरवत नाही.

१९६७ साली पनेट गेले. मुलांना चौकोन शिकवताना या दोन्ही बाजू सांगाव्यात, असं मला वाटतं.