स्वतःच्या नावाचे मत

1936 साली ब्रिटिश सरकारने एक आदेश काढला. हिंदुस्थानातील कोणते प्रदेश सर्वसाधारण कायद्यांच्या कक्षेबाहेर, अगर अंशतः बाहेर ठेवावयाचे, याची ती यादी होती. मुंबई प्रांताच्या भागात पश्चिम खानदेश जिल्ह्याखाली नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि सहा मेवासी सरदारांची गावे नोंदलेली आहेत. त्या सहांतले पहिले नाव काठीच्या पाडवींचे आहे. राजवाडी होळीसाठी दूरदूरचे लोक आज ज्या गावी येतात ते हेच काठी. प्रांतिक कायदेमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरांनी अधिसूचना काढल्यावाचून येथे लागू होत नसे.

आज याच डोंगरातली मुलगी वयाची अठरा वर्षे पूर्ण करते आणि मतदार यादीत नाव नोंदविते. तिच्याजवळ जमीन आहे काय, तिला वाचता येते काय, तिचा नवरा कोण, असे काहीही तिला विचारले जात नाही. या दोन स्थितींमधले अंतर कापले जाण्यात ज्यांच्या आयुष्याचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र स्मरणिकांतून पुष्कळदा येते. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, नागपूरची दीक्षाभूमी ही त्यातली स्थळे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत. आम्ही येथे तेच चरित्र एका धाग्याने सांगणार आहोत, आणि तो धागा आहे स्त्रीच्या मताचा व तिच्या कायदेशीर समतेचा.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच वारल्या, आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. शाळेतील अस्पृश्यतेचे चटके, एल्फिन्स्टन महाविद्यालय, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती हा भाग सर्वज्ञात आहे. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या शहरात तेव्हा स्त्रियांच्या मताधिकाराचे आंदोलन जोरात होते. 1915 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पुरुष मतदारांनी ती मागणी फेटाळली. दोन वर्षांनी तीच मान्य करावी लागली. या आंदोलनाचा तरुण भीमरावांवर नेमका किती परिणाम झाला हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. त्यांनी 9 मे 1916 रोजी तेथे वाचलेला निबंध मात्र आपल्यापुढे आहे.

तो निबंध हिंदुस्थानातील जातींविषयी आहे. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनाने, हे त्याचे सूत्र. पण हे बंधन पाळायचे तर स्त्री-पुरुषांच्या संख्येचा मेळ बसला पाहिजे. नवरा मेला की बाई जातीला जड होते, कारण ती दुसऱ्या जातीत लग्न करील अशी भीती असते. म्हणून एक तर तिला जाळा, नाही तर जन्मभर वैधव्यात ठेवा. बायको मेलेल्या पुरुषासाठी मात्र लहान मुलगी शोधा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली वेगवेगळ्या नसून जातीची भिंत उभी ठेवण्याची साधने आहेत, असे पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने मांडले. आमच्या मते बाबासाहेबांच्या पुढच्या साऱ्या स्त्रीविषयक कार्याची किल्ली या निबंधात आहे. स्त्रीचा प्रश्न त्यांच्या लेखी दयेचा कधीच नव्हता. जात मोडायची तर स्त्रीवरची बंधने मोडलीच पाहिजेत, हा त्यांचा हिशेब होता.

मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताची मागणी आधीच उठली होती. पुण्यात रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रियांनी त्यासाठी सभा घेतल्या, निवेदने दिली. 1919 च्या सुधारणा कायद्याने हा निर्णय प्रांतांवर सोपविला, आणि 1921 साली मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रीत्वाची आडकाठी दूर केली. परंतु मताला मालमत्तेची अट होती. घर आणि शेत बहुधा पुरुषाच्या नावावर असे. त्यामुळे दार उघडले तरी त्यातून आत जाणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या.

1927 साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेस आलेल्या स्त्रियांशी ते त्यानंतर स्वतंत्रपणे बोलले. मुलींना शिकवा, अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर लादलेली नेसण्याची व दागिन्यांची रीत सोडा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या बाया लुगडे घोट्यापर्यंत नेसून आल्या. कायदेमंडळातील ठरावाला वर्षे लागतात. हा ठराव एका रात्रीत अमलात आला.

जुलै 1928 मध्ये गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक मुंबई कायदेमंडळापुढे आले, तेव्हा बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा खर्च मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. 1929 साली मुंबईत हा कायदा झाला.

याच सुमारास सायमन कमिशन आले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, आणि मे 1929 मध्ये प्रांतिक समितीचा सभासद या नात्याने लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात त्याचे सविस्तर समर्थन केले. मत मागताना मालमत्ता दाखवा, शिक्षण दाखवा, असे म्हणणारे त्या काळी केवळ इंग्रजच नव्हते. आपल्याकडचे पुष्कळ सुशिक्षित पुढारीही होते. निरक्षर माणूस म्हणजे निर्बुद्ध माणूस नव्हे आणि मत देणे हेच एक शिक्षण आहे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. ज्यांना शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले, त्यांचेच अज्ञान पुढे करून त्यांना मतपेटीबाहेर ठेवणे हा त्यांना दुहेरी अन्याय वाटे. स्त्रियांना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होता.

ब्रिटिश सरकारने तो मानला नाही. लोथियन यांच्या मताधिकार समितीवर 1932 साली बाबासाहेब होते, राधाबाई सुब्बरायन होत्या. तरीही 1935 च्या कायद्यात प्रौढ मताधिकार आला नाही. सुमारे 60 लाख स्त्रियांना मत मिळाले, पण कशाच्या बळावर? स्वतःची मालमत्ता, साक्षरता, नाही तर मालमत्ताधारकाची पत्नी किंवा विधवा असणे. म्हणजे पुष्कळ स्त्रियांचे मत नवऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे होते. या कायद्याला ऑगस्ट 1935 मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी 27 मे रोजी रमाई गेल्या होत्या. विलायतेतील शिक्षणाच्या काळात शेणी थापून ज्यांनी संसार सांभाळला, त्या स्त्रीच्या कष्टांची नोंद कोणत्याही मालमत्तेच्या दप्तरात होणे शक्य नव्हते.

20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. या परिषदेचे ठराव आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावेत. घटस्फोटाचा हक्क द्या, बहुपत्नीत्व बंद करा, गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमा, कामकरी बाईला भरपगारी रजा द्या, कायदेमंडळात स्त्रियांना राखीव जागा द्या. या मागण्या करणाऱ्या बहुतेक स्त्रिया कष्टकरी होत्या. पुढे हिंदू कोड बिलात जे आले त्यातले कितीतरी या मांडवात आधीच बोलले गेले होते. बाबासाहेबांनी स्त्रियांना हक्क दिले, असे सर्रास म्हटले जाते. नागपूरचे ठराव वाचले की स्त्रियांनी ते मागितलेही होते हे ध्यानात येते.

येथे आम्हांस एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सातपुड्यातून लिहिताना ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मे 1945 मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाच्या सोडवणुकीची योजना मांडली. कायदेमंडळात कोणत्या समाजाला किती जागा असाव्यात, याचे तपशीलवार गणित तीत होते. आदिवासींना मात्र त्यांनी त्या गणितातून वगळले. आदिवासींमध्ये अद्याप राजकीय जाण पुरेशी आलेली नाही, ते दुसऱ्यांच्या हातचे बाहुले होतील, असे कारण त्यांनी दिले, आणि त्यांच्या प्रदेशांसाठी वेगळा आयोग सुचविला. निरक्षरतेच्या सबबीवर मत नाकारू नये, असे 1929 साली सांगणाऱ्या बाबासाहेबांचे हे प्रतिपादन काठीच्या वाचकाला खटकते. ते खटकावे असेच आम्हांस वाटते. थोर पुरुषाचे चरित्र म्हणजे आरती नव्हे.

चारच वर्षांत चित्र पालटले. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडायला जयपाल सिंग होते. हंसा मेहता, दाक्षायणी वेलायुधन यांच्यासह पंधरा स्त्रिया होत्या. 1949 साली जे संविधान सिद्ध झाले त्याच्या अनुच्छेद 325 ने धर्म, वंश, जात वा लिंग या कारणांवरून कोणालाही मतदार यादीबाहेर ठेवण्यास मनाई केली, आणि 326 ने वयाची 21 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मत दिले. 1989 मध्ये ही मर्यादा 18 वर आली. अनुच्छेद 15 ने लिंगभेदास मनाई करून स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राखली. 326 मध्ये मालमत्तेची अट नाही, अक्षराची नाही, आणि अक्राणी महाल किंवा काठी यांचा अपवादही नाही. स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना देशपातळीवरचे मत मिळायला 1971 साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाची झेप कळते.

कलम झाले तरी यादी करावी लागते. मताधिकाराचे 1950 व 1951 चे लोकप्रतिनिधित्व कायदे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनीच संसदेत पार पाडले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली देशभर याद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. असंख्य स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशा नोंदी झाल्या. आयोगाने असा आदेश दिला की नाव स्वतःचेच असले पाहिजे. मुदतवाढ देऊनही ज्या नोंदी सुधारल्या नाहीत त्या वगळण्यात आल्या. अशा वगळलेल्या स्त्रिया सुमारे 28 लाख होत्या, प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारतातल्या. हा निर्णय कठोर होता, तरी तो योग्य होता असे आमचे मत आहे. नवऱ्याच्या नावाने मत देण्याची सोय 1935 च्या कायद्यात होतीच. ती मागल्या दाराने परत आली असती.

मताच्या पलीकडची समता घराच्या आत होती, आणि तेथे बाबासाहेबांना हार पत्करावी लागली. हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क, स्त्रीला तिच्या संपत्तीवर पूर्ण मालकी, घटस्फोटाची मुभा, एकपत्नीत्वाचे बंधन आणि आंतरजातीय विवाहाला मान्यता होती. 1916 च्या निबंधातील रोगावर हे औषध होते. संसदेत त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, बाहेर मोर्चे निघाले, पक्षातले ज्येष्ठही आडवे आले. सप्टेंबर 1951 मध्ये अवघी चार कलमे मंजूर होऊन बिल बाजूला ठेवले गेले. 27 सप्टेंबर रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला अनुसूचित जातींची उपेक्षा व परराष्ट्र धोरण अशी इतरही कारणे होती. पण बिलाचा झालेला घात त्यांच्या सर्वांत जिव्हारी लागला.

काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर मुंबईतून उभे राहिलेले बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. ज्या मतपेटीसाठी त्यांनी वीस-बावीस वर्षे युक्तिवाद केला होता, ती त्यांच्या विरुद्ध गेली. 1954 च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले. मतदाराच्या शहाणपणाविषयी त्यांनी पूर्वी मांडलेले मत त्यामुळे त्यांनी मागे घेतले नाही.

1955 व 1956 साली हिंदू कोड बिल चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. वारसाहक्काचा कायदा जून 1956 मध्ये आला. 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 2023 साली झाली. तिचा अंमल जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेला आहे.

काठीच्या मुलीपुरते पाहायचे तर वारसाहक्काच्या कायद्याचे दुसरे कलम वाचावे लागते. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्यावाचून हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही, असे त्यात म्हटले आहे. जमातीच्या रूढींना धक्का लागू नये, जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची काळजी खोटी नाही. परंतु बापाच्या शेतावर राबलेल्या मुलीला वाटणीच्या वेळी बाजूला उभे करण्यासाठीही तिचा आधार घेतला जातो. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या तरतुदीचा फेरविचार करण्यास सुचविले. 2025 साली छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे समतेच्या हक्काशी विसंगत आहे, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. कायद्याचे ते कलम मात्र तसेच आहे.