राजपुत्र ते अराज्यवादी : पीटर क्रॉपॉटकिन

अराज्यवाद म्हटले की डोळ्यांपुढे बाँब आणि बेबंदशाही उभी राहते. परंतु या विचाराचा एक थोर भाष्यकार भूगोलाचा गाढा अभ्यासक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पीटर क्रॉपॉटकिन यांचा जन्म ९ डिसेंबर १८४२ रोजी मॉस्को येथे सरदार घराण्यात झाला. वडिलांच्या पदरी सुमारे १२०० भूदास होते. या दासांना बसणारे फटके पाहतच पीटर वाढले. पुढे झारचे खास सेवक होण्याचा मान त्यांना लाभला. पण १८६२ साली दरबारी ऐश्वर्य सोडून त्यांनी सैबेरियातील नोकरी पत्करली. सरकारी फर्मानांनी अडलेली कामे खेडूत आपसांत मिळून तडीस नेतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १८७१ मध्ये रशियन भूगोल संस्थेचे चिटणीसपद चालून आले. शेतकरी उपाशी असताना आपण ज्ञानाची चैन करावी, हे मनाला पटेना. त्यांनी नकार दिला.

१८७२ साली स्वित्झर्लंडमधील जुरा भागातले घड्याळ-कारागीर त्यांना भेटले आणि त्यांच्या सहवासात ते अराज्यवादी झाले. १८७४ मध्ये अटक झाली. १८७६ साली व्हायोलिनचा इशारा मिळताच लष्करी इस्पितळाच्या आवारातून ते निसटले. पुढे फ्रान्समध्येही तुरुंगवास घडला. १८८६ पासून इंग्लंड हेच घर झाले.

प्रत्येक वस्तूत पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम मुरलेले असतात. मग कोणाचा वाटा किती, हे मोजायचे कसे? म्हणून मजुरीची पद्धतच जावी आणि ज्याला त्याला गरजेप्रमाणे मिळावे, असे त्यांनी मांडले. भांडवलदाराच्या जागी सरकार बसले तर मालक बदलेल, गुलामी नव्हे, असा त्यांचा इशारा होता. इंग्लंडमधील स्वयंसेवी जीवरक्षक नौकांचा दाखला ते देत. १९०२ च्या ‘परस्पर साहाय्य’ या ग्रंथात, जीवसृष्टी केवळ झुंजीवर नव्हे, सहकार्यावरही तगते, हे त्यांनी दाखवले.

मात्र १९१४ च्या महायुद्धात त्यांनी दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली. सरकारे न मानणारा माणूस सरकारांच्या युद्धाला पाठिंबा देतो, हे अनेक सहकाऱ्यांना सहन झाले नाही. १९१७ साली मायदेशी परतल्यावर मात्र देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि ओलीस धरण्याच्या धोरणाबद्दल १९२० मध्ये लेनिनला खडसावले.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेसाठी काही अराज्यवादी कैद्यांना एका दिवसापुरते सोडण्यात आले. शब्द दिल्याप्रमाणे ते तुरुंगात परतले. धाकाशिवाय माणूस वचन पाळतो, या क्रॉपॉटकिन यांच्या श्रद्धेला याहून मोठी आदरांजली कोणती?