सायकलवाले लक्ष्मणराव

माकणीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे सायकल घेऊन कधी गेला आहात का? नसाल तर एकदा जाच. एका अंगाला निम्न तेरणेचं पाणी, दुसऱ्या अंगाला रानं, आणि कानावर फक्त चेनची किरकिर. ना हॉर्न, ना हेडलाईट. मात्र ही चैन सूर्य वर येईपर्यंतच. एकदा लोहाऱ्याचा नाहीतर उमरग्याचा रस्ता धरला आणि त्यातून कारखान्याचा सीझन असेल, की उसाच्या ट्रॉल्या तुम्हाला सायकलसकट चारीत ढकलतात. झाडी आणि डोंगराचा पायथा हवा असेल तर येडशीच्या रामलिंगाकडे जायचं. तिथे बालाघाटच्या कुशीत अभयारण्य आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात धबधबा आहे. पण तिथे पोचेपर्यंत पुन्हा हायवे आहेच.

आता कल्पना करा, सगळेच रस्ते त्या पहाटेच्या रस्त्यासारखे आहेत. देशात एकही मोटार नाही. धुरळा उडालाच तर बैलगाडीचा किंवा टांग्याचा. साल 1888. तुमच्याच वयाचा, म्हणजे एकोणीस वर्षांचा एक मुलगा मुंबईत आहे, आणि त्याच्या डोक्यात सायकल शिरली आहे. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

हो, तेच ते, पंप आणि इंजिनवाले. पण पंप, इंजिन ही फार पुढची गोष्ट. या माणसाचा पहिला धंदा सायकलचा, आणि त्या धंद्यापर्यंत तो पोचला तो एक स्वप्न मोडल्यामुळे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. घरात पोथ्यापुराणं, आणि पोराचं लक्ष मात्र चित्रं काढण्यात आणि मोडकी यंत्रं उघडून बघण्यात. शाळेच्या अभ्यासात मन रमेना. असं एक पोर प्रत्येक वर्गात असतं, कदाचित तुम्हीच ते असाल. थोरले भाऊ रामूअण्णा यांनी पैशांची बाजू सांभाळली आणि 1885 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचं ठरलं होतं.

दोनेक वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपण. जरा थांबून विचार करा. घरच्यांचा कल बाजूला सारून, भावाच्या पैशावर तुम्ही आवडीची लाईन घेतलीत, आणि आता कळतंय की तुमचे डोळेच त्या लाईनीला चालणारे नाहीत. अभ्यास वाढवून, रीटेस्ट देऊन सुटणारा हा प्रश्न नव्हे. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, त्यात हात बसला आणि नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते सहायक शिक्षक झाले. तिथली यंत्रं, वाफेची इंजिनं त्यांनी आतून-बाहेरून समजून घेतली. खरं शिक्षण बहुधा तिथे झालं.

आणि मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली.

इथे सायकलचाही थोडा इतिहास सांगायला हवा, कारण योग मोठा जुळून आला होता. दोन चाकं एकामागे एक लावून त्यावर बसायची कल्पना जर्मनीतल्या कार्ल ड्रैस नावाच्या माणसाची, आणि गंमत म्हणजे हा माणूस जंगलखात्यातला अधिकारी. 1817 मध्ये त्याने लाकडी यंत्र बनवलं. पेडल नव्हतंच, जमिनीवर पाय मारत पुढे सरकायचं. त्याच उन्हाळ्यात तो त्या यंत्रावरून ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याचा डोंगर ओलांडून गर्न्सबाखहून बाडेनला गेला. झाडीतल्या डोंगरवाटेने केलेली पहिली सायकलसहल हीच म्हणायला हरकत नाही. पुढे पेडल आलं, मग पुढचं चाक माणसाएवढं उंच आणि मागचं चिमुकलं अशी सायकल आली. तिच्यावरून पडलं की दात नाहीतर हात जायचा. 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने दोन्ही चाकं सारखी असलेली, चेनवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. आणि 1888 मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. म्हणजे ज्या वर्षी सायकल खऱ्या अर्थाने बसण्यालायक व्हायला लागली, त्याच वर्षी किर्लोस्कर बंधू सायकलच्या धंद्यात उतरले.

धंद्याची रीत साधी होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथे रामूअण्णा त्या विकायचे. किंमत सातशे ते हजार रुपये. आजचे नव्हे हो, त्या काळचे! त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे पैसेवाली मंडळीच. पण नुसती सायकल विकून भागत नव्हतं, कारण ती चालवायची कशी हेच कोणाला माहीत नव्हतं. मग शिकवणी सुरू झाली. फी पंधरा रुपये. तुम्हाला काकाने किंवा मोठ्या भावाने गल्लीत मागून धरून सायकल शिकवली असेल, तीही फुकट. बेळगावातल्या बड्या लोकांनी तोच धडा पंधरा रुपये मोजून घेतला. पण त्यांना मोकळा रस्ता मिळाला, जो तुम्हाला मिळत नाही. हिशोब कुठे ना कुठे बरोबर होतोच. आणि बेळगाव म्हणजे काय, तर पश्चिमेला सह्याद्रीची झाडी, खानापूर-जांबोटीकडे उतरत जाणारे लाल मातीचे रस्ते. सायकल शिकायला याहून चांगली जागा कुठली सुचवणार?

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांचं प्रमोशन आलं होतं. काम त्यांचं चांगलं, अनुभव त्यांचा, पण वरची जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. कारण उघड होतं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पक्की पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानावर जाणाऱ्या मुलाला आजही घरचे काय म्हणतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुकानात सायकलदुरुस्ती आलीच, आणि दुरुस्तीबरोबर हत्यारं आली. हत्यारं आली की लक्ष्मणरावांसारखा माणूस स्वस्थ बसत नाही. कडबा कापायचं यंत्र झालं. आणि मग आला लोखंडी नांगर.

आपल्या भागात नांगराचं महत्त्व सांगावं लागत नाही. तेरणेकाठच्या काळ्या रानात हराळी नाहीतर कुंदा एकदा शिरला, की लाकडी नांगर वरवर खरवडतो आणि मुळ्या खाली तशाच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो. लक्ष्मणरावांना हे कळत होतं, शेतकऱ्याला पटत नव्हतं. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, अशी पक्की समजूत होती. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं व्हायचं असेल तर व्हा, पण मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडे एकच जमीन आहे, तो तिच्यावर प्रयोग करायला घाबरणारच. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं नांगर तयार, गिऱ्हाईक नाही. आजच्या भाषेत फंडिंग नाही, सेल नाही, आणि बंद करायची तयारीही नाही.

नांगर खपू लागले, तोच बेळगावच्या म्युनिसिपालिटीने कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. चाळिशीत पुन्हा शून्यावर. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करांचा कबिला तिथे उतरला. समोर काय होतं? निवडुंगाचं रान आणि साप. निवडुंग तोडत, साप मारत त्यांनी गाव उभं केलं. तीच किर्लोस्करवाडी. सांगली-मिरजेच्या बाजूला रेल्वेने गेलात तर स्टेशनची पाटी दिसेल.

या वाडीबद्दल एक गोष्ट नांगराइतकीच महत्त्वाची वाटते. तिथे शिवाशिव चालणार नाही, असं लक्ष्मणरावांनी ठरवलं आणि पाळलं. तुरुंगातून सुटून आलेल्यांना, चोर म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता अशा रामोशी माणसांना त्यांनी कामावर घेतलं, आणि काम कुठलं? राखणीचं. 1910 च्या सुमाराला हे करणं म्हणजे नांगराच्या लोखंडाहून मोठा प्रयोग होता.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड यायचं बंद झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. पुढे पंप आले, 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघालं, मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला, हरिहर, बंगळूर, पुणे इथे कारखाने झाले. हा भाग तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून लांबवत नाही. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचं टपालाचं तिकीट निघालं.

माकणीत किंवा शेजारच्या गावात एखाद्या जुन्या घराच्या भिंतीला टेकलेला गंजका नांगर दिसला, तर त्याच्यावरची माती जरा पुसून बघा. त्यावर कोणाचं नाव ओतलंय ते कळेल. आणि कधी बेळगावला गेलात तर सायकल बरोबर घेऊन जा. जांबोटीच्या बाजूला झाडीत एक फेरी मारा, मग गावात या. जिथे ते सायकलचं दुकान होतं, तो रस्ता आता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. भर बाजारात आहे. संध्याकाळच्या गर्दीत तिथे सायकलवरून उतरून, हँडल हातात धरून चालावं लागेल.